लोखंडी वजनं पाय झाडत नाहीत

…नाही, पण मला एक सांगा, प्रोग्राम बरोबर आहे म्हणजे काय हो? असेल बरोबर, मी कुठे नाही म्हणते! मला त्यातलं काही कळत नाही, माझी शाळा सातवीत सुटली, पण पाच किलो सहाशे हा आकडा मला वाचता येतो. आणि तोच आकडा, महिना उलटून गेला तरी, त्याच जागी मांडी ठोकून बसलेला दिसला, तर आईच्या मनात शंका येणार की नाही? येणारच! आणि समोर नवरा हाताची घडी घालून उभा, आणि म्हणतो काय, तर "प्रोग्राम बरोबर आहे." अहो, प्रोग्राम बरोबर आहे, मग काय बाळ चूक आहे?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. माझं हे असंच होतं, जीव घाबरला की गोष्टीचं शेपूट आधी हातात येतं. पहिल्यापासून सांगते.

आमचे हे वजनकाट्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. काटा म्हणजे तो दोन पारड्यांचा नव्हे बरं का, वरती ताट आणि पुढे लाल आकडे, तो. त्या काट्याच्या पोटात प्रोग्राम असतो, म्हणजे कसं मोजायचं, किती वेळा मोजायचं, काय दाखवायचं, हे सगळं त्याला पढवून ठेवलेलं असतं, आणि ते पढवायचं काम यांचं. कारखान्याने बाळांचा काटा काढायचं ठरवलं, त्याचा प्रोग्राम यांच्याकडे आला, आणि त्याच सुमाराला आमच्याकडे ढब्बू आला. ढब्बू म्हणजे माझा मुलगा. जन्मला तेव्हा आधी गाल दिसले आणि मग मुलगा दिसला, म्हणून ढब्बू. तर यांनी त्यातला एक काटा घरीच आणला. म्हणाले, "आधी आपल्या बाळाला, मग जगाला." मला तर भरूनच आलं हो! लोकांचे नवरे खुळखुळा आणतात, माझ्या नवऱ्याने काटा आणला! खुळखुळा बरा होता, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

काटा दिसायला देखणा, खोटं कशाला बोलू. पांढरं गुळगुळीत ताट, आणि पुढे एक बटण, त्यावर बाळाचं चित्र. ते बटण दाबून वजन केलं की काटा ते वजन लक्षात ठेवतो, आणि पुढच्या खेपेला नवीन वजन करून जुन्याशी ताडून बघतो, आणि किती वाढलं तेही सांगतो. यांनी सगळं समजावून दिलं, मला, सासूबाईंना, आणि आमच्या दारावर आलेल्या प्रत्येक माणसाला. पहिल्या दिवशी ढब्बू दूध पिऊन असा गाढ झोपला होता की उचलून ताटात ठेवला तरी पापणी हलली नाही. पाच किलो सहाशे! सासूबाई म्हणाल्या, "छान आहे, याच्या बापासारखा होणार, हा या वयात नुसता भोपळा होता." मीही हसले. तो माझा शेवटचा हसण्याचा दिवस!

पुढच्या आठवड्यात वजन केलं. आता ढब्बू जागा. आणि जागा असला की हा मुलगा म्हणजे… पायांनी सायकल, हातांनी पंखा, आणि तोंडाने भोंगा! त्यात ते ताट गार. काटा बिचारा टुकटुक टुकटुक करत राहिला, आणि मग आकडा आला. पाच किलो सहाशे. वाढ, शून्य. मी म्हटलं, असेल, सर्दी झाली होती मधे. त्याच्या पुढच्या आठवड्यात, पाच किलो सहाशे. त्याच्याही पुढच्या, पाच किलो सहाशे! इकडे झबल्याचे बंद पुरेनासे झालेत, तिकडे मांड्यांना वळ्या पडल्यात, आणि काटा म्हणतो शून्य! मी यांना म्हटलं, "अहो, काहीतरी चुकतंय. कडेवर घेतला की हात भरून येतो माझा. आधी सगळा स्वयंपाक एका हाताने उरकायचे, आता कुकर लावेपर्यंत खांदा उतरतो." तर हे काय म्हणाले? "हात हे मोजमाप नाही." आणि वर, "तू दमलीस, म्हणून जड वाटतो. प्रोग्राम बरोबर आहे."

आता यात माझी कशी पंचाईत झाली बघा. काटा खोटा म्हणावं तर नवरा खोटा ठरतो, आणि काटा खरा म्हणावं तर मी खोटी ठरते. कारण बाळाचं वजन वाढत नाही याचा अर्थ घरात एकच निघतो. कुणी उघड बोलत नाही, पण सगळे तुमच्या ताटात बघायला लागतात! "एवढंच खाल्लंस?" "दूध घेतलंस का?" "पुरतंय ना गं त्याला?" आणि सासूबाई, बाईमाणूस वाईट नाहीत हो, रात्रंदिवस ढब्बूला धरतात, पण जिभेला हाड नाही. सुस्कारा सोडून म्हणाल्या, "तुझ्या माहेरी सगळेच काटकुळे. तुझा भाऊ वाऱ्याच्या दिवसांत घराबाहेर पडतो तरी का?" मी आणखी एक पोळी वाढून घेतली. त्या भावाचं वजन तरी मी कुठे केलं होतं!

बरं, मी काही हातावर हात ठेवून बसले नाही. यांच्या मागे लागले की काटा तपासा. यांनी तपासला ना! साखरेची पिशवी ठेवली, बरोबर. मीठ ठेवलं, बरोबर. पाण्याने भरलेली बादली ठेवली, बरोबर. बाळाचं बटण मात्र दाबलं नाही, ढब्बूच्या जागी साखर लक्षात राहायला नको म्हणून. मी म्हटलं, बटण दाबून बघा की. तर म्हणाले, "ते सगळं कारखान्यात झालंय. बटण दाबून, लोखंडी वजनं ठेवून, शेकडो वेळा. एकदाही चुकला नाही. प्रोग्राम…" मी म्हटलं, कळलं! बरोबर आहे!

मग मी ढब्बूला गुंडाळला आणि दवाखान्यात नेला. तिथल्या सिस्टरबाईंकडे जुना काटा, सुईचा. सिस्टरबाईंनी ठेवला, सुई गेली भर्रकन पुढे, सहा किलोच्याही पार! मी आनंदाने ओरडलेच, "बघा! वाढलाय! घरचा काटा म्हणतो पाच सहाशे!" झालं. मी गप्प बसायला हवं होतं. सिस्टरबाई म्हणाल्या, "घरी कुठला काटा आहे?" मी म्हटलं, आकड्यांचा, नवीन. "आणला कुठून?" मी म्हटलं, आमचे हेच त्याचा प्रोग्राम लिहितात. तर बाई एकदम कानकोंड्या झाल्या, सुईवर दोन टिचक्या मारल्या, आणि म्हणाल्या, "मग तोच खरा धरा. आमची ही सुई अडकते कधीकधी. काटेवाल्याच्या घरात काटा चुकेल होय!" आणि खोडून पाच सहाशे लिहिलं! माझ्यादेखत! डॉक्टरांनी ते बघितलं, भुवया वर केल्या, म्हणाले, "वाढ थांबली आहे. बाहेरचं दूध सुरू करा, आणि पुढच्या खेपेला रक्त तपासू." रक्त! एवढ्याशा दंडात सुई! कशासाठी, तर प्रोग्राम बरोबर आहे!

घरी आले तर सासूबाईंनी बाटली आणून, उकळून, पुसून, ओट्यावर उभी करून ठेवली होती. उद्यापासून सुरू. तुम्हाला सांगते, त्या बाटलीकडे बघून मला जे झालं ना… म्हणजे बाटलीवर माझा राग नाही हो, कितीतरी मुलं बाटलीवर वाढतात आणि छान गुटगुटीत होतात. पण माझं पोर माझ्या मांडीवर पोटभर पितं, ढेकर देतं, आणि मी म्हणायचं की याचं पोट भरलं नाही? कुणाच्या सांगण्यावरून? एका ताटाच्या!

दुपारी त्याला पाजलं आणि मी रडत बसले. माझं रडणं चालू असतानाच तो झोपला. आणि मला काय वाटलं कोण जाणे, वाटलं, बाटली सुरू करण्याआधी एकदा, शेवटचं. एरवी झोपलेल्या मुलाला त्या गार ताटात ठेवायची माझी काय छाती! झोपलेलं मूल आणि भरलेली कढई, जागची हलवू नये. पण ठेवला. ताटात दुपटं घातलं आणि ठेवला, हलला नाही. बटण दाबलं. टुक. एकदाच. आणि आकडा आला. सहा किलो सातशे!

मी अशी किंचाळले की ढब्बू उठला, सासूबाई धावत आल्या. म्हटलं, बघा! त्यांनी आकड्याकडे बघितलं, ढब्बूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "सकाळी पाच सहाशे होता ना गं?" मी म्हटलं, हो. "मग झोपेत वाढला?" म्हणाल्या, "दुपट्याचं वजन धरलं असेल त्याने." मी म्हटलं, सासूबाई, एक किलोचं दुपटं? गादी आहे का ती?

हे कामावरून आले. दाखवलं. तर आधी खूश झाले आणि मग त्यांचा चेहरा पडला. कारण पुढच्या आठवड्यात हे काटे दवाखान्यांत जायला निघणार होते, खोकी बांधून तयार. यांनी ढब्बूला, आता जागा, सायकल चालू, परत ताटात ठेवला. सहा किलो सातशे. हे म्हणाले, "हे बघ, बरोबर दाखवतोय." मी ढब्बूच्या मांडीवर साखरेची पिशवी ठेवली. पाय चालूच, पिशवीसकट. सहा किलो सातशे! पिशवी काढली, सहा किलो सातशे! मी म्हटलं, "आता बोला." तर हे प्रोग्राम उघडून बसले, एकेक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली, अगदी वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी काय म्हणाले असतील? तुम्हीच म्हणा आता. पाठ झालं असेल.

सुट्टीच्या दिवशी यांचे कारखान्यातले दोस्त आले, दाढीवाले भाऊजी. माणूस भला, पण दोघं एकत्र बसले की घरात माणसं राहतात हे विसरतात. ढब्बू ताटात, ताट टेबलावर, तारा सगळीकडे, आणि मी दोन्ही हात ढब्बूच्या दोन्ही बाजूंना धरून उभी, राखणदारासारखी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्याला जरा हलू द्या." मी म्हटलं, भाऊजी, त्याला सांगावं लागत नाही. पाय झाडले. चूक! परत झाडले. परत चूक! भाऊजी यांना म्हणाले, "मधेच एक ओळ घाल. आत जी सरासरी निघते ती आपल्याला दाखव म्हणावं. म्हणजे कुठे फसतंय ते दिसेल." ओळ घातली. ढब्बूने पाय झाडले. आणि काटा? बरोबर! साखर ठेवली, बरोबर! काढली, बरोबर! आता ती ओळ काही दुरुस्त करत नव्हती हो, नुसती बघत होती! ओळ काढली, चूक. ओळ घातली, बरोबर. म्हणजे कुणी बघत असलं की शहाणा, आणि पाठ फिरली की आपला मूळ स्वभाव! मी म्हटलं, हा काटा आहे की पाहुण्यांसमोरचा ढब्बू?

मग दोघं काहीतरी भराभरा बोलले, आकड्याअक्षरांच्या रांगाच्या रांगा काढल्या, आणि भाऊजी एकदम टेबलावर थाप मारून म्हणाले, "सापडला! कंपायलर!" मी ढब्बूला उचललाच. मला वाटलं झुरळ.

तर कंपायलर म्हणजे झुरळ नव्हे. यांनी सांगितलं ते असं. हे जे लिहितात ते काट्याला थेट कळत नाही. मधे एक दुभाष्या लागतो, तोही प्रोग्रामच. यांचं लिहिलेलं घ्यायचं आणि काट्याच्या भाषेत उतरवून द्यायचं, एवढं त्याचं काम. पण त्याला नुसतं उतरवून भागत नाही. त्याला ते आटोपशीर करायचं असतं! इथली पायरी गाळ, तिथलं काम वाचव, म्हणजे काटा झटपट चालावा. हे म्हणाले, "मी लिहिलं होतं, बाळ हलत असेल तर दर वेळी नव्याने मोज, सगळ्याची सरासरी काढ, आणि मग जुन्या वजनाशी ताडून बघ. नव्याने मोज असं स्पष्ट बजावलं होतं! आणि या शहाण्याने काय ठरवलं? जुनं वजन आहेच की हाताशी, तेच दोन्हीकडे धरू, नवं कशाला मोजत बसा!" मी म्हटलं, "आणि लोखंडी वजनं?" म्हणाले, "ती हलत नाहीत ना. हलली नाहीत की एकदाच मोजायचं, ती वाट वेगळी. ती बरोबर होती." म्हणजे अख्ख्या कारखान्याने शेकडो वेळा तपासलं, पण पाय झाडणारं वजन कुणी ठेवलंच नाही! बाळांच्या काट्यावर!

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "थांब, म्हणजे याला काम सांगितलं, याने ते केलंच नाही, आणि केलं म्हणून जुनंच उत्तर आणून दिलं?" हे म्हणाले, "अगदी बरोबर, आई." सासूबाई म्हणाल्या, "मग हा तुझ्यावर गेलाय. दूध घेऊन ये म्हटलं की जायचा नाहीस, पातेल्यात बघून 'आहे' म्हणायचास. कालचं!" भाऊजी दाढीत हसले. मी उघड हसले नाही, नवरा आहे.

त्यांनी आधीचं सहा सातशे परत काट्यात भरलं, आणि कंपायलरची ती आटोपशीर करायची खोड बंद करून बघितली. ढब्बूने जीव खाऊन पाय झाडले. टुकटुक टुकटुक टुकटुक… काटा जरा हळू झाला, पण आकडा आला सहा किलो साडेसातशे, आणि खाली, वाढ पन्नास. बरोबर! आणि आमचे हे! हे खुर्चीवरून उठून नाचायचेच बाकी होते! भाऊजींना मिठी मारली, टाळ्या दिल्या, "मी म्हणत होतो ना! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो! माझा प्रोग्राम बरोबर होता!"

मी उभी होते. कडेवर सहा किलो साडेसातशे. मी म्हटलं, "आणि माझं दूध?"

भाऊजींनी तारा गोळा करायला घेतल्या. यांनी ढब्बूचा पाय हातात धरला, अंगठा चोळला, आणि म्हणाले, "तेही… बरोबर होतं." सासूबाई आत गेल्या, ओट्यावरची बाटली उचलली, आणि फळीवर पार मागे, मोठ्या डब्याच्या आड ठेवली. जाता जाता मला म्हणाल्या, "हात दुखत असेल, दे इकडे त्याला." एवढंच. पण मी ते घेतलं बरं का. आमच्या सासूबाईंची माफी एवढीच येते, वेगळी मागून मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की मग, चिडलीस कशाला? तेच तर सांगायचंय! परवा हे आनंदात घरी आले. म्हणाले, "आपण कंपायलरवाल्यांना कळवलं होतं ना, त्यांनी चूक कबूल केली. नवा कंपायलर पाठवलाय, त्यात ती चूक नाही. त्यातून काढलेला प्रोग्राम घातलाय काट्यात. आता झटपटही आणि बरोबरही!" मी म्हटलं, बरं झालं. ढब्बूचे केस पुसत होते, सहज तोंडातून गेलं, "अहो, हा कंपायलर पण प्रोग्रामच ना? मग त्याला यंत्राच्या भाषेत कोण उतरवून देतं?"

हे म्हणाले, "कोण म्हणजे? कंपायलरच. नवा कंपायलर नेहमी जुन्या कंपायलरने करतात."

"कुठल्या जुन्या? आपल्या त्या?"

"त्याच. पण तू काळजी करू नकोस," हे म्हणाले, "त्या नव्याचा प्रोग्राम त्यांनी पूर्ण तपासलाय. बरोबर आहे!"

तेव्हापासून मी ढब्बूला ताटात ठेवते, बटण दाबते, आकडा बघते, यांना मोठ्याने वाचून दाखवते, संसार आहे. आणि मग आत जाऊन त्याला कडेवर घेते आणि कुकर लावते. शिटी व्हायच्या आत खांदा उतरला, की समजायचं… वाढलाय.